महीच्या अलीकडे पेटलेली चिता

वडोदऱ्यात गायकवाडांना शोधावे लागत नाही. सयाजीराव तर पावलोपावली भेटतात: काळ्या घोड्यावर, बागेत, विद्यापीठाच्या पाटीवर. पण हे शहर ज्यांनी घराण्यात आणले, ते पिलाजीराव गर्दीत कुठेसे हरवतात. त्यांच्यासाठी सावलीची वाट धरावी. मही नदीच्या अलीकडच्या त्या गावात त्यांची चिता पेटली.

सेनापती दाभाड्यांच्या फौजेत गायकवाडांचे नाव झाले ते १७२० च्या बाळापूरच्या लढाईने. थोरल्या दमाजींना समशेर बहादूर हा किताब मिळाला. ते लवकरच वारले आणि पुतण्या पिलाजी पुढे आला. सोनगढचा डोंगर, भिल्ल-कोळ्यांशी सख्य, पाद्र्याच्या देसायांची साथ. घाटावरच्या माणसाने परमुलखात पाय रोवले ते या बळावर. मला त्यांची खरी हुशारी इथे दिसते; तलवार काय, तेव्हा सगळ्यांकडेच होती.

एप्रिल १७३१. डभईजवळ मराठेच मराठ्यांवर धावले. त्रिंबकराव दाभाडे पडले, पिलाजी जखमी होऊन निसटले. हरलेल्या बाजूचा हा सरदार. पण जिंकलेल्या पेशवे बाजीरावांनी त्यालाच सेनाखासखेल केले आणि अज्ञान यशवंतराव दाभाड्यांचा कारभार त्याच्या हाती दिला. गुजरात त्याच्यावाचून चालणार नाही, हे शत्रूलाही कळून चुकले होते.

पडझडीतून असा उभा राहणारा आणि शेवटी दग्याला बळी पडणारा माणूस पाहिला की मला सेल्यूकस आठवतो. सिकंदराचा हा मॅसेडोनियन सेनानी. धनी बॅबिलोनमध्ये वारल्यावर त्याने पडझडीतून स्वतःचे राज्य उभे केले, चंद्रगुप्ताला मुलूख देऊन पाचशे हत्ती घेतले. सत्तरी ओलांडल्यावर मायदेशाच्या ओढीने निघाला आणि इ. स. पू. २८१ मध्ये, ज्याला आसरा दिला होता त्याच टॉलेमी केरौनोसने त्याला भोसकले. मारेकऱ्याकडून त्याचा देह पैसे मोजून सोडवावा लागला. मग दहन झाले आणि रक्षा मुलाकडे गेली.

पिलाजींचाही शेवट दग्याचाच: डाकोरचा, १७३२ चा. गुजरातचा मोगल सुभेदार, मारवाडचा अभयसिंह, याची माणसे तहाच्या बोलण्याला येत होती. सांगतात, एका रात्री निरोप घेऊन निघालेला एकजण काही सांगायचे राहिले म्हणून परत फिरला, कानाशी वाकला आणि त्याने कट्यार खुपसली. रणछोडरायाच्या गावी, रणातून जिवंत परतलेल्या माणसाला असे मरण यावे!

पण त्यांच्या माणसांनी देह परक्याच्या हाती पडू दिला नाही. तो उचलून मही ओलांडली आणि सावलीला अग्नी दिला. अभयसिंहाने त्यानंतर वडोदरे घेतलेच. पिलाजींचे पुत्र, धाकटे दमाजी, अजून तरुण होते. शहर परत मिळवायला १७३४ साली जंबुसरहून काका महादजी आले. तेव्हापासून १९४९ पर्यंत गायकवाडांनी ते कुणाच्या हाती जाऊ दिले नाही.