कट्ट्यावर हरीण, तलावात दगड

मुंबईत दादरला उतरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेनं चालू लागलात, की शिवाजी पार्क लागतं. मैदानाभोवतीचा कट्टा तुम्ही ऐकून असालच. एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची. पहाटे या, आजी-आजोबांपासून शाळेच्या संघातल्या मुलांपर्यंत सगळे तिथं हजर! जवळच महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. (हो, तोच! २०२३ च्या ऑक्टोबरात मगरीचं पिल्लू सापडलं होतं तो. घाबरू नका, त्याला बाहेर काढलं.)

आता समजा, कट्ट्याच्या पाच फेऱ्या तुम्ही सहज मारता. आंतरशालेय स्पर्धा दोन महिन्यांवर आलीय आणि नडगी ठणकायला लागते. डॉक्टर म्हणतात, "काही दिवस पळणं बंद. पोहायला जा." सल्ला योग्यच. पाणी शरीराचं वजन तोलून धरतं, नडगीला धक्के बसत नाहीत आणि छातीला व्यायाम मिळतो. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले आहात, मग भीती कसली? पण ५० मीटरचा तलाव अर्धाही होत नाही, तोच तुम्ही कडेला लटकून धापा टाकताय. शेजारून एक आजी संथपणे पुढे निघून जातात!

दम गेला कुठे? कुठेच नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पाय मात्र खाली जातात आणि तिरकं झालेलं अंग पाणी अडवत राहतं. त्यात पळणाऱ्यांचे घोटे बहुधा ताठ. जमिनीवर तो ताठपणा स्प्रिंगसारखा कामी येतो. पाण्यात मात्र पाऊल मागे सरळ होत नाही, ब्रेक लागल्यासारखं होतं. मग जितक्या जोरात लाथा झाडाल, तितकी दमछाक जास्त.

आणि श्वास! पळताना तो आपोआप चालतो, पाण्यात आपण तो कोंडून धरतो. जीव गुदमरतो तो मुख्यतः आत कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. म्हणून तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचे. मान वळवली की फक्त श्वास आत घ्यायचा. नजर तळाकडे ठेवलीत, तर पायही वर येतात. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली अर्धा तलाव पोहा, थांबा, पुन्हा निघा. आजींशी शर्यत नको!

नडगी बरी झाली की कट्ट्यावर पहिल्या दिवशी एकच फेरी, तीही रमतगमत. पोहून दम टिकतो. पण हाडांना धक्क्यांची सवय पुन्हा लागते ती हळूहळू पळूनच.