आइसलंडांतील जुन्या देवांचे नवे उपासक

गतवर्षीं ज्येष्ठ महिन्यांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही आइसलंडास जाऊन आलों. चिरंजीव नोकरीनिमित्त रेक्याविक या राजधानीच्या शहरीं असतात. तेथील ज्वालामुखी, उष्णोदकाचे झरे व धबधबे यांचीं वर्णनें वाचकांनीं अन्यत्र वाचलीं असतील. म्हणून त्यांचा विस्तार न करितां आमच्या मनास जें लागून राहिलें तेवढेंच येथें निवेदन करितों.

शहरापासून सुमारें 45 किलोमीटरांवर थिंगवेलिर नांवाचें विस्तीर्ण मैदान आहे. एका अंगास काळ्या खडकाची तुटलेली भिंत, खालीं ओक्सरा नदी व पलीकडे मोठें सरोवर. या कड्यापाशीं इ. स. 930 पासून साऱ्या देशाची सभा उघड्यावर भरत असे. इ. स. 1000 च्या सुमारास याच ठिकाणीं जुन्या देवांचा निकाल लागला. नॉर्वेचा राजा ओलाफ याचा ख्रिस्ती धर्मासाठीं दाब होता. देशांत दोन तट पडून यादवीचा प्रसंग आला होता. तेव्हां निर्णय थोर्गेयर नामक विधिवक्त्यावर सोंपविण्यांत आला. तो स्वतः जुन्या देवांचा उपासक. एक अहोरात्र पांघरूण घेऊन तो निजून राहिला. मग उठून म्हणाला, कायदा दुभंगला तर शांतताहि दुभंगेल, सबब सर्वांनीं बाप्तिस्मा घ्यावा. गुप्तपणें बलि देण्याची मुभा प्रथम राहिली होती. थोड्याच वर्षांत तीहि गेली.

असें असतां ओदिन, थोर, फ्रेया हे देव आज आपणांस ठाऊक कसे? त्याचें श्रेय अलंकारशास्त्रास आहे! तेराव्या शतकांत स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती पंडितानें तरुण कवींसाठीं 'एड्डा' हा ग्रंथ रचिला. जुन्या काव्यांतील रूपकें देवकथांवांचून उलगडत नसत, म्हणून त्यानें त्या कथा लिहून ठेविल्या. याच शतकांत लिहिलेली जुन्या देवगीतांची मुख्य पोथी पुढें कोपनहेगनास गेली होती. ती 1971 सालीं मायदेशीं परत आली.

शाळेंत इंग्रजी शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, थर्सडे हा मेघगर्जना करणाऱ्या थोराचा वार. त्याची सांगड रोमन ज्युपिटराशीं घातली गेली, व ज्युपिटर म्हणजे आपला गुरु. म्हणून थोराचा वार तोच आपला गुरुवार. ट्यूझडेंतील 'तिऊ' व संस्कृत 'देव' हे शब्द तर एकाच मूळाचे. मौज अशी कीं, खुद्द आइसलंडांत हीं वारांचीं नांवें उरलीं नाहींत. बाराव्या शतकाच्या आरंभीं योन नांवाच्या बिशपानें तीं काढून टाकिलीं असें सांगतात. तेथें गुरुवारास नुसता 'पांचवा दिवस' म्हणतात.

1972 सालीं स्वेन्ब्योर्न बेंतेन्सन या मेंढपाळ कवीनें थोड्या सोबत्यांसह जुन्या देवांच्या उपासकांचें मंडळ स्थापिलें. 1973 सालीं त्यास सरकारी मान्यता मिळाली. या पंथास 'आसात्रू' म्हणतात. आज मंडळाचे सभासद 5000 हून अधिक आहेत, व 2003 पासून एक संगीतकार मुख्य पुरोहित आहेत. रेक्याविकांतील टेकडीवर देवालयाचें काम 2015 सालीं आरंभिलें गेलें. अमुक मानलेंच पाहिजे असा दंडक नाहीं. पुष्कळजण देवांस निसर्गशक्तींचीं रूपें समजतात. अन्य देशांत कांहीं मंडळी या देवांच्या नांवाखालीं वंशद्वेष माजवितात. त्यांच्याशीं या मंडळानें संबंध ठेविलेला नाहीं.

यांच्या 'ब्लोत' नामक विधीस आम्ही थिंगवेलिर येथें हजर होतों. वार गुरुवारच होता. पशुबलि नाहीं. अग्नि पेटविला, एड्डांतील गीतें म्हटलीं, आणि पेयानें भरलेलें शिंग हातोहात फिरलें. आमच्याकडे आलें तेव्हां आम्हीं चार थेंब भूमीवर सोडून तें पुढें दिलें.

विधीनंतर एका शिक्षिकाबाईंनीं आम्हांस विचारिलें, "तुमच्याकडे हजारों वर्षांचें पाठांतर अखंड आहे म्हणे?" आम्हीं अभिमानानें पुरुषसूक्त म्हणून दाखविलें. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमचे स्वर गेले; शब्द तेवढे कागदावर राहिले. चाली आम्हीं अंदाजानें लाविल्या आहेत. तुम्हांस हें कोणीं शिकविलें?"

"वडिलांनीं."

"आणि यांना तुम्हीं?" त्यांनीं चिरंजीवांकडे पाहिलें.

आम्हांस उत्तर सुचेना. चिरंजीव दहा वर्षांचे असतां दोनदां स्वतः होऊन संथा मागावयास आले होते. "आधीं गणित, मग सूक्त" असें म्हणून आम्हींच त्यांस परत पाठविलें होतें. आइसलंडांत धागा तुटला तो साऱ्या सभेसमक्ष, एका माणसानें रात्रभर विचार करून तोडिला. आमच्या घरांत तो तुटल्याचें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं.

परततांना मोटारींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शहर दिसूं लागल्यावर चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आतां गणित झालें आहे."

हल्लीं दर गुरुवारीं दूरध्वनीवरून संथा चालते. स्वर चुकतात, मग पुन्हां म्हणवून घेतों. आतांपर्यंत चार ऋचा झाल्या आहेत.