ओझ्याचा आधार

वाहनाची थोरवी त्याच्या वेगावरून ठरविण्याची जगाची रीत आहे, आणि आयुष्याची पन्नास वर्षे आम्हीही ती निमूटपणे पाळली. वेग डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, चारचौघांत सांगता येतो. परंतु जागचे जड चाक पहिल्यांदा हलविणारे जे बळ असते, त्याची वार्ता कोणी कोणास सांगत नाही. आमच्या दारी लिंबाखाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गाडीने आम्हांस त्या बळाची ओळख करून दिली. ती ओळख भर पावसात, गुडघाभर चिखलात आणि चांगल्याच फजितीनंतर झाली, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

आमचे बिऱ्हाड जबलपूरला तीन पिढ्यांचे, गाडीही जबलपूरचीच. जपानी निसानच्या परवान्याने येथील लष्करी कारखान्यांत तयार झालेली ती एकटनी गाडी. जिच्या नावात 'जबलपूर'चे आद्याक्षर दडले आहे, त्या प्रसिद्ध जोंगाची ही थोरली बहीण. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि नाकाडाखाली सहा सिलिंडरांचे पेट्रोलचे इंजिन. लष्कराची चाकरी संपल्यावर ती लिलावात निघाली आणि १९९४ साली, शेतीला उपयोगी पडेल या भाबड्या हिशेबाने, आम्ही ती घेतली. तिची तहान अगस्तीची होती. रंगाने हिरवी असूनही आमच्या घरात तिचे नाव 'पांढरा हत्ती' असेच पडले.

तिच्याबरोबर जणू आंदण म्हणून आम्हांस हवालदार लाभले. मूळचे साताऱ्याकडचे, लष्करात गाड्या हाकण्यात उमर घालवून निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झालेले. त्यांचे मराठी ऐकले की नर्मदेच्या काठी कृष्णेचे पाणी आल्यासारखे वाटे. रस्त्यावर एखादी नवी मोटार आमच्या गाडीस मागे टाकून गेली की आम्ही खट्टू होत असू. हवालदार मात्र शांतपणे म्हणत, "जाऊ द्या, सायेब. तिला पळायचं हाय, हिला वढायचंय."

या ओढण्याचे मर्म त्यांनीच एकदा बॉनेट उघडून आम्हांस समजाविले. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर, तर आतल्या दट्ट्याची धाव ११४.३ मिलिमीटर, एकूण आकारमान ३९५६ घनसेंटिमीटर. अशी लांब धावेची यंत्रे फार वेगाने फिरत नाहीत. थोड्या फेऱ्यांतच भरपूर जोर मिळावा अशी त्यांची रचना असते. शिवाय सिलिंडर सहा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच ढकलतो. म्हणजे एकतृतीयांश फेरी झाली की नवा धक्का येतो, आणि पहिल्याचा रेटा ओसरण्यापूर्वीच दुसऱ्याचा सुरू होतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात एकाचे काम संपते तेव्हा दुसऱ्याचे चालू होते. येथे दुसरा आधीच खांद्याला खांदा लावून उभा असतो. म्हणूनच संथ चालीतही चाकाला हिसका बसत नाही, आणि ज्याला हिसका बसत नाही ते चाक सहसा घसरत नाही. हे सारे आम्ही मोठ्या कौतुकाने ऐकले आणि आमच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे विसरून गेलो.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरची भूमी हादरली. शहरातल्या आमच्या घराच्या दोन भिंतींना तडे गेले. पाटणच्या रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या शेतावर राबणाऱ्या चार कुटुंबांची मातीची घरे मात्र पार बसली. माणसे वाचली, पण छप्पर उरले नाही. आम्ही त्यांस शब्द दिला, की पाऊस पडण्यापूर्वी पत्रे आणून देतो. शब्द देताना आमचे मन खोटे नव्हते. परंतु आधी आपल्या भिंती, मग गिलावा, मग रंग, असे करता करता जून उलटत आला, आणि पत्रे बाजारातच राहिले. ताडपत्रीखाली दिवस काढणाऱ्या त्या माणसांनी एकदाही तगादा लावला नाही. तगादा नसला की देणे फिटल्यासारखे वाटते, हा मनुष्यस्वभावाचा एक लबाड विशेष आहे.

एका रात्री धुवाधार पाऊस झाला. सकाळी शेतावरून एक मुलगा सायकल ओढीत आला. त्याची भावजय बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. ताडपत्री फाटून सारे भिजले होते, आणि मूल तापाने फणफणले होते. आम्ही तसेच उठलो. गाडीच्या पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा तेव्हा उतरवून दुरुस्तीला दिला होता, त्यामुळे सारी भिस्त मागच्या दोन चाकांवर. हवालदारांनी किल्लीसाठी हात पुढे केला. आम्ही घाईघाईने स्वतःच चाकावर बसलो. मागचा हौदा रिकामा खडखडत होता.

आमच्याकडची 'हवेली'ची जमीन ज्यांनी पाहिली असेल, त्यांस पुढचे सांगावयास नको. पावसाचे पाणी शेतातच साठवून पुढे गहू पेरावयाचा, अशी बांधबंदिस्तीची ही काळीभोर भूमी. ओली झाली की ती जोड्याचा तळ धरते, पण चाकास आधार देत नाही. शेत तीन फर्लांगांवर असताना गाडी मंदावली. आम्ही भ्यालो, आणि भ्यालेला मनुष्य करतो तेच केले. पायाखालचे पेडल दाबले. इंजिन गर्जले, मागची चाके गरगरली, चिखलाचे कारंजे उडाले, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी खाली गेली. आम्ही आणखी दाबले. ती आणखी खाली गेली.

"सायेब, रेस देऊ नगा," हवालदार म्हणाले. "जेवढं चिडाल, तेवढी खाली जाईल."

आम्ही खाली उतरलो. अशा गाडीचे इंजिन आणि केबिन पुढे असतात, त्यामुळे हौदा रिकामा असला की मागची चाके जमिनीवर नुसती टेकलेली असतात. चाकाची पकड ही त्याच्यावरच्या भारातून येते, आणि एकदा ते घसरून फिरू लागले की होती ती पकडही कमी होते. इंजिनात बळ कितीही असले तरी जमिनीने ते स्वीकारावयास हवे. हवालदारांनी हौद्यात डोकावून पाहिले आणि सहज, कसलाही आरोप न करता म्हटले, "पत्रे भरलेले असते, तर रुतली नसती."

त्या वाक्याने आम्हांस जे वाटले ते लिहिण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही. पावसात उभे राहून आम्ही नुसते त्या मोकळ्या हौद्याकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात समोरून माणसे येताना दिसली. गाडीची वाट पाहून त्यांनी बाळंतिणीला खाटेवर घातले होते आणि चौघांनी खाट खांद्यावर घेतली होती. आम्ही त्यांस आणावयास निघालो होतो. तेच आमच्यापर्यंत चालत आले. आई आणि मूल यांना केबिनमध्ये बसविले. हवालदारांनी मागच्या चाकांतली थोडी हवा सोडली, बाभळीच्या फांद्या तोडून चाकांखाली दिल्या, आणि बाकीच्या सर्वांस हौद्यात अगदी मागच्या आसावर दाटीने उभे राहावयास सांगितले. आम्हीही त्या दाटीत चढलो. धन्याचा म्हणून जो काही भार असेल, तो त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडला.

मग हवालदार चाकावर बसले. लहान दांडा ओढून त्यांनी गाडी 'लो'मध्ये घातली, पहिला गियर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. पेडलला त्यांचा पाय लागला की नाही, देव जाणे. इंजिनाचा आवाज वाढला नाही; उलट किंचित खोल झाला, ओझे उचलताना हमाल श्वास रोखतो तसा. फांद्या कडकडल्या. एक विलक्षण लांब क्षण काहीच घडले नाही, आणि मग चाके न घसरता, बोटबोटभर वर येऊ लागली. वीस पावलांवरच्या मुरमाच्या उंचवट्यावर गाडी लागली, तेव्हा कोणी आरोळी ठोकली नाही. केबिनमधून मुलाच्या रडण्याचा बारीक आवाज मात्र आला, आणि तो ऐकून सर्वांनी श्वास सोडला.

मूल वाचले. दुसऱ्या दिवशी आम्ही पत्रे घेतले, हौदा काठोकाठ भरला आणि त्याच वाटेने गेलो. पाऊस थांबला नव्हता. आदल्या दिवशीच्या खड्ड्याशी गाडी जराशी कुरकुरली आणि पलीकडे गेली. हवालदार काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

या गोष्टीस आता पुष्कळ वर्षे झाली. हवालदार गेले. आठ दिवसांचे ते मूल आज ट्रॅक्टर चालविते आणि आम्हांस रस्त्यात भेटले की "दादा, गाडी अजून आहे ना?" म्हणून विचारते. गाडी आहे. आमचे पुतणे ती भंगारात द्यावी असे दर दिवाळीला सुचवितात, आणि त्यांचा हिशेब चूक नाही. तिच्या हौद्यात मागच्या आसावर वाळूची दोन पोती पडलेली असतात. पावसाळा जवळ आला की ती घालण्याचा हवालदारांचा शिरस्ता आम्ही मोडलेला नाही. रिकाम्या गाडीत हे नसते ओझे कशाला, असे पुतण्यांनी परवा विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. एक पोते उसवले होते, ते तेवढे शिवून घेतले.