दुसरा खर्डा

कथा सुधारायला बसलेला लेखक बहुधा शब्दांपासून सुरुवात करतो. विशेषणं बदलतो, ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, लांबलेलं वाक्य तोडतो. हे मुद्रितशोधन झालं, पुनर्लेखन नव्हे. माझ्या मते दुसऱ्या खर्ड्यात आधी दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: कथा कुणाची, आणि ती कुठे थांबते. पहिला खर्डा लिहिताना लेखकालाच गोष्ट उमगत असते. तो स्वतःसाठी टिपणं काढत जातो आणि ती कथेतच राहून जातात. ‘सुमनला फार एकटं वाटलं. केलेल्या दोन कप चहातला एक तिने पुन्हा पातेल्यात ओतला.’ यातलं पहिलं वाक्य लेखकाला लागलं, त्यावाचून कदाचित दुसरं सुचलंच नसतं. वाचकाला मात्र त्याची गरज नाही. आणि ही कथा सुमनची नसून आज चहाला न आलेल्या शेजाऱ्याची आहे असं लक्षात आलं, तर दोन्ही वाक्यं जातील. तो निर्णय होईपर्यंत कुठलं वाक्य चांगलं हे सांगताच येत नाही.

मग पुनर्लेखन म्हणजे काटछाट, असं कुणी म्हणेल. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं उदाहरण याच्या आड येतं. त्याच्या १९८१च्या संग्रहातल्या काही कथा संपादक गॉर्डन लिशने निम्म्याहून जास्त कापल्या. त्यातल्या ‘द बाथ’मध्ये वाढदिवसाच्या दिवशी मोटारीची धडक बसलेला मुलगा इस्पितळात पडून आहे, न नेलेल्या केकसाठी बेकरीवाला घरी फोन करतोय, आणि फोनवरच कथा तुटते. १९८३च्या संग्रहात कार्व्हरने तीच कथा ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने विस्ताराने छापली. इथे मुलगा दगावतो, आईवडील रात्री बेकरीत जाऊन भांडतात, आणि शेवटी तोच बेकरीवाला त्यांना गरम पाव खायला घालतो. पहिली कथा धास्तीची, दुसरी सांत्वनाची. मला दुसरी मोठी वाटते. पण मुद्दा आवडीचा नाही. थांबण्याची जागा बदलली आणि बेकरीवाला वेगळाच माणूस झाला. हेमिंग्वेच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चे चाळीसहून अधिक पर्यायी शेवट २०१२च्या आवृत्तीत छापले आहेत. तो इतका कशाशी झगडत होता, हे त्यावरून कळावं.

पुन्हा पुन्हा लिहिल्याने पहिल्या झपाट्यातली ऊब जाते, हा आक्षेप खोटा नाही. त्यासाठी जॅक केरुॲकचा दाखला देतात: ‘ऑन द रोड’ ही कादंबरी त्याने १९५१मध्ये कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीवर तीन आठवड्यांत टंकलिखित केली. पण त्याआधी कित्येक वर्षांच्या वह्या होत्या, आणि पुस्तक आलं १९५७मध्ये, बरेच फेरफार होऊन. ऊब जाते ती वाक्यं घासत बसल्याने. कथा कुणाची हे ठरवण्याने ती जात नाही.

हे काम संपादकाचं, असंही म्हणतात. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ते करत. कथा नुसती साभार परत न करता कुठे अडतंय ते लेखकाला कळवत. १९८२मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. आज दिवाळी अंकाच्या घाईत तेवढी सवड क्वचितच कुणाला मिळते, म्हणून ते ओझं लेखकावर आलं आहे. या अंकासाठी कथा पाठवण्याआधी तिचा शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचला असता तर, असं मला काही कथांबद्दल वाटतं. पुढच्या वर्षी पाठवणाऱ्यांनी तेवढं जरूर करावं.