मीटर बदललेलं नाही

आचोळे, नालासोपारा पूर्व
2 नोव्हेंबर 2025

चि. मंदार यास,


तू पाठवलेले पैसे मिळाले. त्यातले बरेचसे परत पाठवतो आहे, कारण मोटारसायकलला नवीन मीटर बसवलेलं नाही. जुनंच दुरुस्त केलं. गॅरेजवाला पोरगाही तुझ्यासारखंच म्हणत होता, "काका, कशाला खटपट करता, अर्ध्या तासात नवीन लावून देतो." त्याच्या जागी तो बरोबर आहे, त्याच्या दारात गाड्यांची रांग असते. मी असं का केलं ते फोनवर सांगायला गेलो तर तू "बरं बरं" म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. गणपतीत आचोळे रोडवर तू खड्ड्यात गेलास त्यात तुझी काही चूक नाही. पाणी भरलेला खड्डा आणि नुसतं पाणी साचलेला रस्ता वरून सारखेच दिसतात. आपला भाग सखल. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळच पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या, तेव्हा तू इथेच होतास. डांबराच्या भेगेतून पाणी खाली उतरतं, खडीचा थर सैल होतो, वरून टेम्पो आणि डंपर जात राहतात आणि प्रत्येक चाकासरशी खालचा बारीक माल पाण्याबरोबर बाहेर फेकला जातो. वरची साल तेवढी शाबूत दिसते, मग एक दिवस तीही बसते. तू तिथून गेलास तो दिवस कुणाच्याही वाट्याला आला असता.

मीटर लोंबकळताना दिसतं म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. मी आधी पुढचं चाक उचलून फिरवून पाहिलं. रिम थोडी आऊट होती, ती स्पोक कसून सरळ करून घेतली. डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ होता, म्हणजे ऑइल सील गेलेलं, ते बदललं. मग हँडल हळूहळू दोन्हीकडे वळवून पाहिलं. कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या, वाट्यांना गोळ्यांचे खळगे पडले असले की हँडल मधोमध आल्यावर खुट्टकन अडकतं. तसं झालेलं नाही. हे तपासल्याशिवाय नुसतं मीटर बदलून गाडी रस्त्यावर आणणं धोक्याचं.

आता मीटर. ते रबरी बुशांवर बसवलेलं असतं, धक्का रबराने खावा म्हणून. आपल्या गाडीचं रबर उन्हाने लाकडासारखं कडक झालेलं. शॉकअप तळाला आपटला तेव्हा सगळा हिसका मीटरच्या कवचाला मिळाला आणि मागचे प्लास्टिकचे दोन कान तुटले. कवचाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एबीएस असं कोरलेलं असतं. हे प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. तुटक्या प्लास्टिकचा कीस बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवला, सकाळी दाट खळ तयार. त्याने कान जागेवर चिकटवले, वरून बारीक जाळीचा तुकडा सोल्डरिंगच्या कावियाने आत बसवला. एम-सीलने चिकटवलेला कान पुढच्या खड्ड्यात परत तुटतो. हा मूळ प्लास्टिकशी एकजीव होतो. फक्त वरच्या पारदर्शक काचेला अ‍ॅसिटोनचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, लगेच तडे जातात.

काटा थरथरत होता म्हणून तुला वाटलं मीटर गेलं. मीटरला काहीच झालेलं नव्हतं. मीटर लोंबल्यामुळे केबलला बाक आला होता आणि आतली तार अडकत अडकत फिरत होती. नवी केबल टाकली. तिला ग्रीस लावताना वरची चार बोटं कोरडी ठेवली. ते ग्रीस चढत मीटरमध्ये गेलं की काटा जड होतो. ही चूक चांगल्या चांगल्या गॅरेजमध्ये होते.

मीटर उघडलंच होतं म्हणून थोडा वेळ बघत बसलो. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला तेव्हा पहिल्यांदा हे यंत्र हातात घेतलं होतं. चाकापाशी एक पिनियन केबलला फिरवतं, केबल मीटरमधल्या चुंबकाला फिरवते. चुंबकावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज उत्पन्न होते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी बारीक कमान तिला परत खेचते. या दोन ओढींचा जिथे मेळ बसतो तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झेने 1902 साली याचं पेटंट घेतलं, आणि माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, 2011 च्या या गाडीतही तीच रचना आहे. म्हणून काट्याला मी हात लावला नाही. तो उपटून पुन्हा बसवताना कणभर सरकला तरी चाळिसाचे पंचेचाळीस दाखवतो.

चुंबक फिरवणाऱ्या दांड्यावरच किलोमीटरच्या आकड्यांची चाकं चालतात. मीटर न बदलण्याचं खरं कारण हे आकडेच आहेत.

आपलं मीटर पाच आकडी. सध्या ते 41 हजारांच्या पुढे दाखवतं, आणि गाडी विकत घ्यायला आलेला कुणीही म्हणेल, वा, फारच कमी चाललेली दिसते. पण दादाची वही आमच्या कपाटात आहे. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर. ऑइल बदललं की लाल शाईने. आधी वालीवच्या कारखान्यात, मग चिंचोटीवरून भिवंडीला. त्या वहीत एका पानावर 99,962 आहे आणि पुढच्या नोंदीला 187. मध्ये त्याने काही लिहिलेलं नाही, फक्त दोन्हींच्या मध्ये एक आडवी रेघ मारली आहे. म्हणजे गाडी 1 लाख 41 हजार चालली आहे, आणि हे मीटर आणि वही समोरासमोर ठेवली तरच कळतं. नवीन मीटर शून्यापासून सुरू झालं असतं. मग दादाच्या वहीचा गाडीशी संबंधच उरला नसता. दादा गावी गेला, गाडी तुझ्याकडे आली. त्याने चौदा वर्षं ठेवलेला हिशेब एका खड्ड्यापायी तोडायचा, हे मला पटेना.

पुण्यातल्या तुझ्या दुसऱ्या गाडीचं वेगळं. तिथे चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो आणि किलोमीटर चिपमध्ये लिहिले जातात. उद्या तिला असाच दणका बसला आणि वेग शून्य दाखवू लागला, तर आधी सेन्सरची वायर आणि कपलर बघायला सांग. पडद्यावरचा एखादा आकडा अर्धाच उमटत असेल तर पडदा आणि सर्किटमधली रबरी पट्टी सरकलेली असते; ती साफ करून बसवता येते. कन्सोल बदललाच, तर जुना आकडा बिलावर लिहून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नकोस.

आता हिशेबाचंच दुसरं. त्या खड्ड्याचा हिशेब कुणी ठेवला?

तुझं मनगट आठवडाभर सुजलेलं होतं. डॉक्टरांचा कागद जपून ठेव. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी रस्त्यांच्या दुरवस्थेबद्दल मुख्य न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. तेव्हापासून ते प्रकरण चालू आहे. गेल्याच महिन्यात, 13 ऑक्टोबरला, न्यायालयाने सांगितलं की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर घरच्यांना 6 लाख, आणि जखमीला जखमेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे. तुझ्या मनगटाला काय मिळेल याची मला फिकीर नाही. अर्ज करायचा तो नोंद व्हावी म्हणून. 2017 साली देशात खड्ड्यांमुळे 3,597 माणसं गेली असा सरकारी आकडा आहे. ज्याच्या कागदावर 'गाडी घसरून' एवढंच लिहिलं गेलं, तो या आकड्यात कसा येणार?

दादाराव बिल्होरे तुला माहीत असतील. 2015 च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात त्यांचा सोळा वर्षांचा प्रकाश गेला. तेव्हापासून ते स्वतः खडी आणि पेव्हरचे तुकडे घेऊन मुंबईतले खड्डे बुजवतात. मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात, आणि रागही येतो, की एका बापाला हे करावं लागतं. आपल्याला निदान एक अर्ज लिहिणं जमलं पाहिजे.

मी मजकूर तयार केला आहे. जागा, तारीख, वेळ आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर काढलेले फोटो. त्यात खड्ड्यात मी टेप धरला आहे, खोली वाचता येते. तू सही करून पाठव, मी इथे कार्यालयात देऊन पोच घेतो. पोचेची एक प्रत तुला आणि एक दादाच्या वहीत.

गाडीचं रजिस्ट्रेशन पुढच्या वर्षी पंधरा वर्षांचं होतंय, नूतनीकरणाला नेताना दिवे आणि मीटर चालू लागतील. न्यूट्रलचा दिवा लागत नव्हता, हेडलाइटच्या आतला कपलर सुटला होता, तो बसवला. हँडलपाशी अजून एक बारीक आवाज येतो. वहिनी आल्या की त्यांना मागे बसवून विरारपर्यंत जाऊन येईन, ओझं असताना येतो का बघायचं आहे. तू येशील तेव्हा वही घेऊन जा. शेवटची नोंद मी केली आहे, पुढची तू करायची.

तुझा,
अण्णाकाका