दात, धुळे आणि एक पिवळा सेल

मागच्या शनिवारी दुपारी, मस्त झोप लागणार इतक्यात धुळ्याहून मावसबहिणीचा फोन. "दादा, एका डेंटिस्टचं नीट चालायला किती लोकवस्ती लागते रे?"

बाईसाहेबांचं बीडीएस झालंय, इंटर्नशिपही संपलीय. काका प्लॉट विकून दवाखाना थाटून द्यायला तयार आहेत. जळगाव की धुळे, एवढंच ठरायचं होतं. घरात आयटीवाला मी एकटाच, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात. (प्रिंटर बिघडला तरी माझ्याकडेच येतात. असो.)

लगेच एक्सेल उघडलं. साडेसात हजार माणसांमागे एक डेंटिस्ट, हे प्रमाण डब्ल्यूएचओच्या नावावर सगळीकडे सांगतात. २०११च्या जनगणनेत जळगाव शहर ४,६०,२२८ आणि धुळे ३,७५,५५९. भागाकार केला: जळगावला एकसष्ट, धुळ्याला पन्नास. मी खुशीत सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, काल स्कूटीवरून येताना एका रस्त्यावरच नऊ बोर्ड मोजले मी!" धुळ्यात डेंटल कॉलेज आहे, शिकलेली बरीच पोरं तिथेच थांबतात.

मग उलट्या बाजूने निघालो. भाडं, असिस्टंट, मटेरियल, वीज, खुर्ची आणि एक्स-रेच्या कर्जाचा हप्ता, वर तिचा स्वतःचा पगार; तिच्याच अंदाजाने महिन्याला एक लाख पाच हजार. पंचवीस दिवस काम म्हणजे दिवसाला ४,२००. एका खेपेला सरासरी सहाशे मिळाले तर रोज सात पेशंट, वर्षाला २,१०० खेपा. एका माणसाच्या तीन खेपा धरल्या तर माणसं फक्त सातशे!

आता शंभरातले दहा जण वर्षातून एकदा तरी दाताच्या डॉक्टरकडे जात असतील, तर वस्ती लागते सात हजार. पाचच जात असतील तर चौदा हजार. आणि तीही दुसऱ्या कुणाकडे न जाणारी! तो 'दहा' मी हवेतून आणला होता. तो सेल पिवळा करून ठेवला.

म्हटलं, काकांनाच विचार, ते शेवटचे कधी गेले होते. मागून त्यांचाच आवाज आला, "दुखत नही ते कसाले जावानं?"

झालं. अख्खं गणित त्या एका वाक्यात.

दुखणी कमी आहेत असंही नाही. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू घेणारे निघाले. पण गरज असणं वेगळं आणि खुर्चीत येऊन बसणं वेगळं. ती सांगत होती, रूट कॅनालच्या पहिल्या सिटिंगला ठणका थांबतो आणि पेशंट गायब. खेड्यातून यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडणार. मग सहा महिन्यांनी तोच माणूस दात काढायलाच येतो.

त्यामुळे तिने प्लॉट तूर्त वाचवलाय. आठवड्यातले तीन दिवस धुळ्यात एका सीनियर डॉक्टरांकडे, आणि तीन दिवस पारोळ्याला, एका फॅमिली डॉक्टरांच्या मागच्या खोलीत जुनी खुर्ची टाकून. पारोळा धुळे-जळगाव रस्त्यावरच, आजूबाजूची खेडी तिथेच बाजाराला येतात. वर्षभर वहीत एकच गोष्ट मोजायची: दुसऱ्या सिटिंगला किती परतले. मग काय तो प्लॉट विकायचा. काका थोडे नाराज आहेत. पोरीचा बोर्ड जळगावच्या मोठ्या रस्त्यावर बघायचा होता त्यांना.

फोन ठेवताना तिने सहज विचारलं, "तुझ्या त्या दाढेला कॅप बसवलीस ना?"

पुण्यात राहतो, क्लिनिक घरापासून चालत पाच मिनिटांवर, पगार वेळेवर. कॅप बसवायची राहिलीय त्याला आता आठ महिने झाले.

दुखत नाही ना!

सोमवारी अपॉइंटमेंट घेतोय. नक्की.