शहराचा उकिरडा, गावची विहीर

हडपसर सोडून सासवडच्या रस्त्याने निघालात, की दिवेघाटाच्या अलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे लागतात. माउलींची पालखी याच वाटेने जाते. येथेच पुणे शहराचा कचरा डेपो आहे. पूर्वी तो कोथरूडला होता. तिकडे वस्ती वाढली आणि 1991 च्या सुमारास कचऱ्याच्या गाड्या इकडे वळल्या.

आपल्या उकिरड्यात शेण, पालापाचोळा असतो. त्याचे खत होते. येथे वर्षानुवर्षे ओले, सुके, प्लास्टिक सारे एकत्रच पडले. पावसाचे पाणी अशा ढिगातून झिरपून काळे होते आणि मुरमातून, कातळाच्या भेगांतून विहिरीत उतरते. येथल्या विहिरी अशाच नासल्या. प्यायला टँकर आले. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या.

केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी अशी जागा नदीपासून 100 मीटर, तर तळे, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर दूर ठेवायला सांगितले. पण नुसते अंतर मोजून भागत नाही. पाणी उताराने धावते.

म्हणून उद्या तुमच्या शिवारात शहरासाठी जागा पाहायला कोणी आले, तर ग्रामसभेत विचारा: उतार कोणीकडे? तळाला मुरूम की चिकणमाती? पावसाळ्यात विहिरीचे पाणी किती हातांवर येते? आणि पहिली गाडी येण्याआधीच विहिरीचे पाणी तपासून तो कागद जपून ठेवा. पाणी नासल्यावर पूर्वी ते गोड होते, हे सांगायला तोच साक्षीदार.